जागा आहे का?

"सारसांची फारकत होते का हो?"

ओजस्वी पटलेनं हा प्रश्न 'तलावकाठ' गटावर टाकला, तेव्हा डब्याची सुट्टी संपत आली होती आणि सना शेखच्या तोंडात अर्धं भजं होतं. ते तिला गिळवेना आणि हसू आवरेना.

"टाकला? खरंच टाकला? अवं, त्या गटात मुख्याध्यापक आहेत ना!"

"पैज म्हणजे पैज," ओजस्वी ऐटीत म्हणाली. "आता माझं फिजिक्सचं जर्नल कोण लिहिणार?"

"मी," दुर्वा टेंभुर्णे म्हणाली. पैज तिनंच लावली होती. "पण तू टाकशील असं वाटलं नव्हतं वं."

वाटण्यासारखं नव्हतंच. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा ओजस्वीचा आवाज बाकाखाली जाऊन बसायचा. अकरावीत आल्यावर मात्र काय झालं कोण जाणे, एके दिवशी तिनं केमिस्ट्रीच्या सरांची चूक भर वर्गात दाखवली, सर "बरोबर आहे" म्हणाले, आणि तेव्हापासून हिच्या तोंडाला जणू झाकणच राहिलं नाही.

बरं, प्रश्नही साधासुधा नव्हता. सोनटोल्यात आणि आसपासच्या सगळ्या धानपट्ट्यात सारस म्हणजे जन्माची जोडी. लग्नपत्रिकेवर गणपतीच्या खाली सारसांचं चित्र. नवरा-बायकोचं वाजलं की म्हातारी माणसं म्हणणार, "तलावावर जा, सारसांकडून शिका जरा." त्या पक्ष्यांच्या फारकतीबद्दल विचारायचं म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना सटासट शिंकायचं.

गटावर व्हायचा तो गोंधळ झाला. कोणी "आजकालच्या पोरी!" म्हणून मोकळं झालं, कोणी कपाळाला हात लावल्याची चित्रं टाकली. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि काहीच लिहिलं नाही, हे जास्त भयंकर. शेवटी बिसेन मॅडम बोलल्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बिसेन मॅडमच आता गट सांभाळत होत्या. त्यांनी लिहिलं, "प्रश्न उत्तम आहे. उत्तर इथे कोणाकडेच नाही. ज्यानं विचारलं त्यानंच शोधावं."

"झालं!" सना म्हणाली. "आता बस सारसांच्या संसारात नाक खुपसून."

दुर्वाही हसली. मग हसता हसता जरा थांबली. "बाबा असते ना, तर या प्रश्नावर मॅडमशी आठवडाभर भांडले असते."

तलावकाठ गट दुर्वाच्या बाबांनी, हेमराज टेंभुर्णे यांनी सुरू केला होता. गावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता, पण स्टुडिओत माणूस आणि तलावावर जीव, असा प्रकार. पोरी पाचवीत असताना ते तापानं गेले. गट मात्र राहिला, आणि गटाचं कोठारही.

कोठाराचं जरा समजून घ्यायला हवं. झालं होतं असं, की जगभरचे फोटो, गाणी, सिनेमे साठवणाऱ्या दूरदूरच्या मोठाल्या गोदामांना गार ठेवायला नद्याच्या नद्या पुरेनात. तेव्हा नियम आला: ज्या गटाचा पसारा, त्यानंच सांभाळावा. मग प्रत्येक गटातल्या माणसांनी आपापल्या फोनमधला एकेक कोपरा गटाला दिला. एखादी फाईल आली की तिचे तुकडे होतात, आणि एकेक तुकडा पाच-सहा फोनमध्ये जाऊन बसतो. एखादा फोन बंद पडला तरी बिघडत नाही; उघडायची म्हटली की बाकीच्यांकडून तुकडे येतात आणि फाईल जुळते. हे सगळ्यांचे कोपरे मिळून झालेलं कोठार.

पण कोठार झालं तरी ते कधीतरी भरतंच. त्यात आल्या सर्वांगी फाईली. चार बाजूंना चार कानपेट्या ठेवायच्या; त्या नुसतं दिसणं-ऐकणं नाही, तर वारा, वास, ऊब, दमटपणा सगळं टिपतात. मग कपाळाला पट्टा बांधून ती फाईल उघडली, की तुम्ही घरात बसल्या बसल्या बांधावर बसलेले असता. मानेला गार वारा लागतो, नाकात चिखलाचा वास जातो. अशी एकेक फाईल म्हणजे हत्ती. एका फोनमध्ये ती मावतच नाही, कोठारातच ठेवावी लागते.

कोठार भरलं की यंत्र जागा करतं. कशी? जुन्या फाईली आकसवून. समजा तुम्हाला कोणी सांगितलं, 'एक म्हातारा पारावर बसून विडी ओढतोय.' एवढ्यावर तुम्ही मनात चित्र काढताच ना? धूर काढता, सुरकुत्या काढता, धोतर नेसवता. यंत्रही तेच करतं. जे जे त्याला अंदाजानं पुन्हा रचता येईल ते फेकून देतं, नुसत्या खुणा ठेवतं, आणि कोणी उघडलं की खुणांवरून उरलेलं रचून दाखवतं. पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. फक्त ते धोतर यंत्रानं नेसवलेलं असतं. म्हातारा कदाचित लुंगीत होता.

आणि कोणाला आधी आकसवायचं, याचा यंत्राचा हिशेब सरळ आहे. जे कोणी उघडत नाही, ते कोणाला नको असतं.

म्हणून तलावकाठवर एक रीत होती. हेमराजकाकांनीच घालून दिलेली. मोठी फाईल थेट ओतायची नाही. आधी तिची चिमूटभर वानगी टाकायची आणि विचारायचं, "जागा आहे का?" मग एक दिवस थांबायचं. ज्याला आपलं जुनं काही वाचवायचं असेल, त्यानं त्या दिवसात "थांबा" म्हणून आपल्या फाईलीला खुंटी ठोकायची, म्हणजे त्या खेपेला यंत्र तिच्या वाटेला जात नसे. सगळ्यांचं झालं की मंडळी म्हणायची, "आहे जागा, या." पंगतीत सरकून घेतात तसं.

दर वेळी कोणी जागा विचारली, की दुर्वा टेंभुर्णे गुपचूप एक खुंटी ठोकायची. नेहमी एकाच फाईलीला. 'बांधावरची सकाळ'. तिच्या बाबांनी टिपलेली शेवटची सर्वांगी फाईल. त्या सकाळी छोटी दुर्वाही बाबांबरोबर होती, त्यांच्या शालीत गुरफटलेली.

ती फाईल दुर्वानं आजवर एकदाही उघडली नव्हती.

"काहून पण?" ओजस्वीनं एकदा विचारलं होतं.

"दहावीचा निकाल लागला की उघडीन म्हटलं होतं. मग नाही धीर झाला." दुर्वा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली होती. "एकदा उघडली की संपली ना वं. उघडली नाही तोवर बाबांचं माझ्याशी काहीतरी बोलायचं बाकी आहे."

हे ओजस्वीला माहीत होतं. ती तिची सगळ्यात जवळची मैत्रीण होती. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती.

दिवाळीच्या सुट्टीत ओजस्वीनं मॅडमच्या कानपेट्या मागून आणल्या आणि उजाडायच्या आत तलावावर जाऊन बसायचा सपाटा लावला. धान कापणीला आला होता, बांध दवानं निसरडे झाले होते. सना दोन दिवस आली आणि "तुझे सारस तुलाच लखलाभ" म्हणून रजई ओढून झोपली. दुर्वा एकदाच आली. बांधाच्या अलीकडेच उभी राहिली, आणि "थंडी वाजते" म्हणून परत गेली.

मोठ्या तलावावरची जोडी सगळ्या गावाच्या ओळखीची. मादीचा एक पाय किंचित लंगडा, म्हणून तिला लंगडी म्हणत. नर मान वर करून लांब हाक द्यायचा, आणि त्याची हाक संपायच्या आत लंगडी तिच्यात आपले दोन-तीन तुटक सूर जोडायची. दोघांचं मिळून एकच गाणं. पण त्या वर्षी नर एकटाच हाका मारत होता. त्याला उत्तर नव्हतं.

आणि मग त्या सकाळी, मोठ्या तलावापासून बऱ्याच दूर, धिवरांच्या बोडीवर, म्हणजे त्यांच्या लहान तळ्यावर, ओजस्वीनं लंगडीला पाहिलं. धुकं नुकतं विरत होतं. लंगडी एका अनोळखी, उंचापुऱ्या नराशेजारी उभी होती. त्यानं मान वर केली, हाक दिली, आणि लंगडीनं तिच्यात आपले तुटक सूर जोडले. अगदी तसेच. दूर मोठ्या तलावावरून जुन्या नराची हाक आली. लंगडीनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

कानपेट्या चारी बाजूंनी टिपत होत्या. फारकत! जिवंत, ओली, चिखलाच्या वासासकट!

ती बांधावरच उकिडवी बसली आणि फोन काढला. कानपेट्यांत फाईल तयार होती, हत्तीएवढी. फोननं विचारलं: वानगी टाकायची? जागा विचारायची?

एक दिवस थांबायचं? पोटात फटाके फुटत असताना? आणि विचारायचं तरी काय त्यात, नेहमी सगळे 'आहे, आहे' तर म्हणतात. म्हाताऱ्यांचे सोपस्कार नुसते.

खाली तिसरं बटण होतं. 'तातडीचं'. तलावाला पूर आला, कोणी पाण्यात विष कालवलं, पक्षी मरून पडले, अशा वेळेसाठी ठेवलेलं. ते दाबलं की थांबणं नाही, विचारणं नाही, फाईल थेट आत. यंत्रानं कारण विचारलं. ओजस्वीनं लिहिलं, 'फारकत सापडली!!!'

आणि दाबलं.

दुपारपर्यंत सगळा गट कपाळाला पट्टा बांधून धिवरांच्या बोडीवर जाऊन आला होता. ज्यांनी "आजकालच्या पोरी" म्हटलं होतं ते आता "आमच्या गावची पोरगी" म्हणत होते. मुख्याध्यापकांनी, होय, मुख्याध्यापकांनी, "शाब्बास" लिहिलं. संध्याकाळी नागपूरहून निरोप आला, राज्याच्या बालविज्ञान मेळाव्यात ओजस्वीनं ही फाईल सादर करावी. बाबा विजेच्या ऑफिसातून पेढे घेऊनच घरी आले. आईनं दृष्ट काढली. सनानं लिहिलं, "मी दोन दिवस आले होते, माझं पण नाव टाक."

दुर्वाचं मात्र काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिसेन मॅडमचा फोन आला. आवाज शांत होता, नेहमीपेक्षाही.

"ओजस्वी, तातडीचं काहून दाबलंस?"

"मॅडम, बातमीच तशी होती ना! सगळ्यांना लगेच—"

"लंगडी मरत होती का?"

"नाही..."

"कोठार गच्च भरलेलं होतं बेटा. जागा करायला यंत्रानं काय आकसवलं, ते पाहिलंस का?"

ओजस्वीनं पाहिलं नव्हतं. पाहायचं असतं हेही तिच्या ध्यानात नव्हतं. मॅडमनी एकाच फाईलीचं नाव घेतलं.

ओजस्वी चप्पल न घालताच निघाली.

टेंभुर्ण्यांच्या घरात पुढच्या खोलीत दुर्वा जमिनीवर बसली होती. पट्टा कपाळाला नव्हता, हातात होता. काकू, दुर्वाची आई, स्वयंपाकघराच्या दारात पदरानं डोळे पुसत उभ्या होत्या.

"उघडली मी," दुर्वा म्हणाली. ओजस्वीकडे न पाहता. "म्हटलं, बघू तरी काय उरलं. सगळं आहे वं. बांध आहे, धुकं आहे, शालीची ऊब आहे. बाबा आहेत. आवाज त्यांचाच. छान बोलतात. एकदाही अडखळत नाहीत. पक्ष्यांची नावं पुस्तकात असतात तशी शुद्ध घेतात." तिनं पट्टा उलटा करून पाहिला. "आणि मला म्हणतात, 'बेटा, ते बघ.'"

ओजस्वी दारातच खाली बसली.

हेमराजकाका लेकीला कधीच बेटा म्हणत नसत. ते म्हणायचे 'डोकरे'. पाच वर्षांच्या पोरीला म्हातारी म्हणायचे! शाळेच्या फाटकात उभं राहून अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असे ओरडायचे, "ए डोकरे, चल!" आणि दुर्वा लाजून लाल व्हायची, आणि सगळा वर्ग तिला महिनाभर डोकरी म्हणायचा. ओजस्वी सगळ्यात जास्त.

पण यंत्राला काय ठाऊक? हजारो बाप आपल्या लेकींना जे म्हणतात, ते त्यानं तिथे भरलं होतं.

"दुर्वे, मला माहीत नव्हतं की—"

"तुला माहीत होतं," दुर्वा म्हणाली. तेवढंच.

काकू पुढे आल्या. "असू दे वं पोरी. आवाज तर त्यांचाच आहे ना? किती वर्षांनी ऐकला मी." त्यांनी दुर्वाच्या हातातून पट्टा अलगद काढून घेतला, जसा लहान मुलाच्या हातातून चाकू काढून घ्यावा, आणि स्वतःच्या कपाळाला बांधला.

मॅडम म्हणाल्या, जुनं काही परत मिळवायची एकच वाट आहे. चालू फोनमधले जुने तुकडे पुसून त्यांवर नवे बसले, ते गेले. पण एखादा फोन ओतण्याच्या आधीपासून बंद पडलेला असेल, तर त्याला आकसणीचा हुकूम पोचलाच नसेल. त्याच्यात जुना तुकडा तसाच असेल.

मग ओजस्वी आणि सना घरोघर फिरल्या. "काका, तुमचा बंद पडलेला फोन आहे का?" "मावशी, जुना फोन कुठे टाकला?" लोकांना वाटलं शाळेचा काही प्रकल्प आहे. कोणी चहा पाजला, कोणी फारकतीची चौकशी केली. "म्हणजे तो बिचारा एकटाच राह्यला म्हणा," असं एका आजींनी हळहळून म्हटलं, आणि ओजस्वीला तिथून पळून जावंसं वाटलं. बंद फोन बहुतेकांनी कधीच भंगारात दिले होते.

शेवटी लांजेवारबाबा भेटले. धिवर समाजातले म्हातारे, जन्मभर तलावात जाळी टाकलेले, गटातले अगदी सुरुवातीचे सभासद.

"फोन? हाय ना. होळीच्या सुमारास तलावात पडला. नातू म्हणे, तांदळात ठेवा, सुकते. ठेवला."

"मग? कुठाय?"

"तांदळातच."

"तेव्हापासून?"

"नवा तांदूळ आला, तो वरून ओतला. विसरून गेलो मी." बाबांनी कोपऱ्यातल्या बांबूच्या ढोलीकडे बोट दाखवलं. ती सनाच्या डोक्याएवढी उंच होती.

सनानं ढोलीकडे पाहिलं, ओजस्वीकडे पाहिलं, आणि ओढणी कमरेला खोचली. "माझं नाव कुठंच टाकू नको," ती म्हणाली, "पण सूप दे."

अख्खी ढोली उपसली. तळाशी फोन सापडला, पांढराफटक, तांदळाच्या पिठानं माखलेला. मॅडमनी तो बाहेरच्या जगाला न जोडता हलक्या हातानं चालू केला. आत 'बांधावरची सकाळ'चा एक तुकडा होता. एकच. त्यात वास नव्हता, ऊब नव्हती, दिसणंही नव्हतं. नुसता आवाज, आणि तोही एका श्वासाएवढा.

तो दुर्वाला ऐकवायला ओजस्वी एकटी गेली. दोघी अंगणातल्या पायरीवर बसल्या. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

आधी डासाची गुणगुण आली. अगदी कानाशी. मग सटकन चापटी. मग हेमराजकाकांचा खरखरीत, झोपाळलेला, खराखुरा आवाज: "हत् तुझ्या मायला! डोक—"

आणि संपलं.

दुर्वा खुदकन हसली. डासाला घातलेल्या शिवीला हसली, अगदी पाचवीतल्यासारखी. आणि मग तेच हसू मध्येच कुठेतरी फाटलं आणि ती गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. ओजस्वीनं हात पुढे केला. तो तिच्या पाठीपर्यंत पोचला नाही. दुर्वा सरकली होती.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

ओजस्वीनं पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा. दर वेळी काका तिथेच थांबत. डोक. पुढचं अर्धं नाव कुठल्याच फोनमध्ये उरलं नव्हतं.

"मी ही फाईल आईलाही ऐकवली असती," दुर्वा म्हणाली. "पण आई रोज संध्याकाळी ती दुसरी उघडून बसते. काल म्हणाली, 'तुला बेटाच म्हणायचे की ते.' मी म्हटलं, आई, डोकरी म्हणायचे. तर म्हणते कशी, 'तेही म्हणत असतील गं कधीतरी.'" तिनं पहिल्यांदा ओजस्वीकडे सरळ पाहिलं. "आई विसरून राहिली, ओजू. माझ्या डोळ्यांदेखत. अजून थोड्या दिवसांनी ते फक्त मलाच माहीत असेल."

"मला पण," ओजस्वी पुटपुटली.

"हो. तुला पण." दुर्वा उठली. "म्हणूनच तुझ्याशी बोलायला त्रास होते."

त्या रविवारी दुर्वानं गट सोडला. कारण कोणी विचारलं तर म्हणाली, कोठार उघडलं की सगळ्यात वर ओजस्वीची फाईल दिसते. ते खरंच होतं. जिल्ह्याबाहेरचे लोकसुद्धा ती रोज उघडत होते. जी फाईल इतके जण उघडतात, तिला यंत्र कधीच आकसवणार नव्हतं.

सोमवारी वर्गात दुर्वा दोन बाकं मागे जाऊन बसली. डब्याच्या सुट्टीत ती ओजस्वीच्या बाकापाशी आली. ओजस्वीनं झटकन सरकून बाकावर जागा केली. दुर्वानं एक वही बाकावर ठेवली आणि ती परत गेली. ओजस्वीचं फिजिक्सचं जर्नल. पूर्ण लिहिलेलं. सुबक अक्षर, पट्टीनं आखलेल्या आकृत्या, एकही खाडाखोड नाही.

पैज म्हणजे पैज.

सनानं भज्यांचा डबा उघडला, आणि तसाच बंद केला.

त्या संध्याकाळी ओजस्वीच्या घरी नागपूरची तयारी चालली होती. आई निळ्या ड्रेसची बाही उसवून मशीनवर पुन्हा शिवत होती. बाबा फोनवर काकांना सांगत होते, "हो हो, मेळाव्यात, स्टेजवर! आमची ओजू!" फोन ठेवल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. ओजस्वी बराच वेळ दाराशी उभी राहून ते हसू पाहत होती. तिला वाटलं, हे आपल्यामुळे आलं, आणि आता आपल्यामुळेच जाणार.

"आई, बाबा. जरा बसता का? मला सांगायचं आहे."

"बसलोच आहे ना," बाबा म्हणाले. "बोला, मॅडम."

"मी माझी फाईल कोठारातून काढून टाकणार आहे. आज. नागपूरला येत नाही म्हणून कळवणार आहे."

शिलाई मशीन थांबलं.

"काहून?" बाबांचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, त्यांना वाटलं ही थट्टा आहे. "चोरून आणली का तू ती? थंडीत मरमर मेहनत केली!"

"चोरून नाही आणली. चोरून ठेवली. न विचारता."

"त्याची माफी माग गटावर. मी पण मागतो. पण फाईल कशाला काढायची? पुरावा आहे तो!"

"सारस आहेत ना बाबा," ओजस्वी म्हणाली. आवाज बाकाखाली जायला निघाला होता, तिनं तो धरून वर आणला. "लंगडी बोडीवरच आहे. पुढच्या वर्षी परत गाईल. मी परत बसेन, परत टिपेन, वानगी टाकीन, जागा विचारीन, एक दिवस थांबेन. कोणी 'थांबा' म्हटलं तर आणखी थांबेन. पण हेमराजकाका आता कधीच बांधावर बसणार नाहीत."

बाबांनी हातातला फोन खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

आई मशीनची सुई कापडात तशीच ठेवून उठली. "तू काढलीस तर काकांची फाईल परत येईल का?"

"नाही."

"मग दुर्वा बोलेल तुझ्याशी?"

ओजस्वीनं खूप विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. "नाही. बहुतेक नाहीच."

"मग कशासाठी, पोरी?"

"मी त्यांच्या जागेवर बसले आहे, आई," ओजस्वी म्हणाली. "मला तिथून उठायचं आहे."